चिंतामणरावांनी चुकवलेले नंबर

चिंतामणराव वझलवार बालाघाटच्या तहसिलीत एकतीस वर्षं रीडर होते. साहेबांच्या शेजारी बसून पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, तारखा द्यायच्या, नावं पुकारायची आणि तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही तर कागदावर ‘गैरहाजिर’ लिहायचं, हे त्यांचं काम. लांजीहून बस चुकलेला एखादा धापा टाकत दाराशी यायचा, हात जोडायचा. चिंतामणराव मान वर न करता म्हणायचे, “तारीख सांगितली होती ना?”

निवृत्तीनंतर पाच वर्षांनी त्यांच्या पत्नी कालिंदीबाई गेल्या. घरात मुलगा पियुष, सून देवश्री आणि ते. पियुष लामत्याच्या शाळेत मास्तर. सकाळी मोटरसायकलनं गेला की संध्याकाळीच परत.

चिंतामणरावांना लघवीचा त्रास सुरू झाला तो कालिंदीबाई गेल्यानंतर वर्षभरात. आधी घाई व्हायची. मग मोरीपर्यंत पोचायच्या आतच कपडे ओले होऊ लागले. त्यांनी लग्नकार्यांना जाणं सोडलं, देवळातली बैठक सोडली. विचारलं तर म्हणायचे, “गुडघे दुखून राह्यले.”

वडील वारंवार उठतात हे पियुषच्या लक्षात आलं. त्यानं गोंदियाच्या एका डॉक्टरांकडे नंबर लावला. पहिली तपासणी मोबाईलवर, व्हिडिओवरून. गुरुवारी सकाळी अकराची वेळ. त्या दिवशी देवश्रीच्या बहिणीकडे ओटीभरण होतं, पण बाबांना फोन लावून द्यायचा म्हणून ती गेली नाही. तिनं बैठकीत खुर्ची मांडली, स्टीलच्या डब्याला टेकवून फोन उभा केला.

“मी बाजूले बसते बाबा. डॉक्टर काय सांगते ते लिहून घेईन.”

सुनेसमोर काय काय बोलावं लागणार, ते चिंतामणरावांना दिसलं. अकराला पाच मिनिटं असताना “आलोच” म्हणून फोन खिशात टाकून ते मोरीत गेले आणि तो बंद करून टाकला. बाहेर आले ते पाऊण तासानं. “बॅटरीच संपली,” ते म्हणाले.

संध्याकाळी पियुष जेवायला बसला आणि देवश्रीवर भडकला. “एक काम सांगितलं तुले! फोन चार्ज करून ठेवाचा, तेवढंही जमत नाही?”

फोन तिनं पहाटे चार्जिंगला लावला होता. तिनं एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. चिंतामणरावांनी पोळीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि खाल्ला.

दुसरा नंबर प्रत्यक्ष तपासणीचा लागला. “मी एकटाच जातो,” ते हट्टानं म्हणाले. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. कालिंदीबाईंच्या जुन्या लुगड्याची घडी पँटच्या आत ठेवून ते गोंदियाच्या बसमध्ये बसले. राजेगाव जवळ आलं तशी कळ आली. त्यांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. बस थांबेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला आणि लेकराला दुसऱ्या बाजूला घेतलं.

ते तिथंच उतरले. एका बंद दुकानामागे उन्हात उभे राहून त्यांनी पँट वाळवली. दीड वाजता दवाखान्यातल्या मॅडमचा फोन आला. “बाबूजी, आप आ रहे हैं न? डॉक्टरसाहब आपके लिए रुके हैं।” त्यांनी उत्तर न देता फोन कापला आणि परतीची बस धरली.

घरी सांगितलं, “डॉक्टर नव्हते. ऑपरेशनात अडकले होते.”

पियुष दवाखान्याला फोन करून झापायला निघाला, तेव्हा देवश्री घाईनं म्हणाली, “मी बोलली त्यांच्याशी. दुसरी तारीख देऊन राह्यले.”

दुसऱ्या दिवशी पियुष गेल्यावर ती त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. “बाबा, त्या मॅडमनं मले सांगितलं, तुम्ही गेलेच नाही म्हणून. अन् पलंगाखालची पँट मी धुतली. हे आजचं नाही, मले माहीत आहे. मी कोणाले सांगणार नाही. पण डॉक्टरले तरी सांगा.”

चिंतामणरावांच्या कानशिलांतून आग निघाली. “माह्या कपड्याले हात काहून लावला तू?” ते ओरडले. ती गेली. त्यानंतर ते आपले कपडे स्वतः धुऊ लागले आणि तिच्याशी बोलेनासे झाले. ठरलेली तिसरी तारीखही त्यांनी ‘गुडघे दुखून राह्यले’ म्हणत घालवली.

तीन आठवड्यांनी एका सकाळी लघवी होईचना. दहा वाजेपर्यंत पोट दगडासारखं झालं. पलंगाची कड धरून ते कण्हत होते. देवश्रीनं ऑटो बोलावला, त्यांना खांद्याचा आधार देऊन बसवलं आणि शहरातल्याच दवाखान्यात नेलं. लघवीसाठी नळी घातल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, सुटकेचं आणि लाजेचंही.

डॉक्टरांनी विचारलं, “कब से तकलीफ है?”

देवश्री बाहेर जाऊ लागली.

“थांब,” ते म्हणाले. “तू ऐक.” आणि मग डॉक्टरांना, छताकडे पाहत, “डेढ साल से. कपडे खराब होते हैं. तीन बार बुलाया था, मैं ही नहीं गया.”

डॉक्टर म्हणाले, किडनीवर ताण आला आहे; वेळेवर दाखवलं असतं तर हे टळलं असतं.

दुपारी पियुष धावत आला. लघवीची पिशवी, नळी, बापाचा उतरलेला चेहरा पाहून तो बायकोकडे वळला. “त्या दिवशी फोन चालू राह्यला असता तर...”

“फोन मी बंद केलता,” चिंतामणराव म्हणाले. “चार्जिंग पूर्ण होती. मी मोरीत जाऊन बंद केला. गोंदियालेही गेलोच नव्हतो. हिले सगळं माहीत होतं, अन् तरी तुह्या शिव्या हिनं ऐकून घेतल्या. माह्या समोर.”

शेजारच्या खाटेवरचा माणूस ऐकत होता. पियुष खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. देवश्रीनं खाली मान घातली.

महिन्यानं गोंदियाला प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. त्या तारखेला ते तिघं अर्धा तास आधीच पोचले. त्रास पुष्कळ कमी झाला. किडनी मात्र पूर्वीसारखी झाली नाही, औषध कायमचं लागलं.

पण ऑपरेशनाआधीचा तो महिना चिंतामणराव पिशवी लावून घरी होते. पहिल्याच सकाळी देवश्री पिशवी रिकामी करायला भांडं घेऊन आली.

“राहू दे, मी करतो,” ते म्हणाले.

“तुमच्याच्यानं वाकणं होत नाही. सिस्टरनं मले शिकवलं आहे.”

माफी मागायची म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पाय जरा बाजूला घेतला, तिला जागा व्हावी म्हणून.