मेंदू वाचवला, कडी मोडली

आता तुम्हाला माझा एक मूर्खपणा सांगतो. आधी हातातला चहा खाली ठेवा, हसताना सांडेल!

माझी मुलगी ऋचा मेंदूविज्ञान शिकते, चेंबूरला मैत्रिणींसोबत राहते. तिची आई पक्षाघाताने गेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमचा एक नेम आहे. सकाळी आठच्या आत मी चहाच्या कपाचा फोटो तिला पाठवायचा. फोटो आला म्हणजे बाबा ठीक.

दिवाळीला ती मुलुंडला आली, तेव्हा मी विचारलं, "आईच्या मेंदूत नेमकं काय झालं गं?"

"ग्लुटामेट म्हणजे पेशींमधला निरोप्या, बाबा. निरोप दिला की त्याला लगेच आवरतात. रक्तपुरवठा थांबला की तो आवरला जात नाही, पुढच्या पेशीला डिवचतच राहतो. मग तिच्यात कॅल्शियम घुसतं आणि ती मरते. पण हे—"

"कळलं, कळलं!" म्हणत मी उठलो.

काय कळलं? कप्पाळ!

ती परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली फटाक्यांची माळ लागली. म्हटलं, पेशींना डिवचणं बंद! फोन बंद, बेल बंद, कानांत कापूस. काय झकास शांतता! आणि कपाचा फोटो? साफ विसरलो.

नऊच्या सुमाराला दार धाडकन उघडलं. कडी लोंबकळतेय आणि उंबऱ्यात शेजारच्या तावडेवहिनी, वॉचमन, सुतार! मी शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेलो. घाईने कापूस काढला.

"गे बाय माझे!" वहिनी ओरडल्या. "पोरगी फोनवर रडतेय आणि हे फराळ करतायत!"

थोड्या वेळाने ऋचा रिक्षातून धावत आली. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. तिने माझा हात धरला तो सोडेचना.

"बावीस फोन केले, बाबा. मला वाटलं, तूपण…"

मी डबा बाजूला ठेवला.

मग हळूच म्हणालो, "पेशी जपत होतो गं."

"फटाक्यांनी तसं होत नाही रे! ते मेंदूच्या आत होतं, रक्त थांबल्यावर. पुढचं ऐकायचंस तरी!"

सुतार नवी कडी ठोकत होता. त्याने मान वळवली. "काका, काम काय करता?"

"शिक्षक आहे. विज्ञान शिकवतो."

"कुठल्या शाळेत?"

मी नाव सांगितलं.

त्याने हातोडी खाली ठेवली. "अरेरे! माझी पोरगी तिथेच होती. विज्ञानात नापास झाली, तर मी तिलाच ओरडलो!"