मोदकाआधीची आरती

मी मुळात अंदाजपंचे स्वयंपाक करणारी बाई. चिमूटभर हे, पसाभर ते. लेकीला आठव्या वर्षी मधुमेह निघाला आणि आमच्या डोंबिवलीच्या ओट्यावर वजनकाटा येऊन बसला. भात वाटीने, पोळी काट्यावर, आणि पोटात जाईल त्या हिशेबाने इन्सुलिन. सुरुवातीला रडले. मग मला त्या काट्याचं वेडच लागलं. पाहुण्यांच्या हातातलं केळंसुद्धा नजरेने तोलायचे.

त्या गणपतीला लेकीची एकच मागणी होती. "मला मोदक सगळ्यांबरोबर खायचाय. आधी नाही, नंतर नाही." आदल्या वर्षी निदान नुकतंच झालेलं, आम्ही घाबरून तिला मोदक दिलाच नव्हता. ती आतल्या खोलीत काकडी खात बसलेली.

आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, खुशाल द्या. वरण, उसळ, कोशिंबीर नेहमीसारखी, भात निम्मा, की झाली एका मोदकाची जागा. फक्त मोदक ठरलेल्या मापाचा हवा. इथे कोलशेतहून आलेल्या थोरल्या जाऊबाई आडव्या आल्या. त्यांचा एक मोदक लिंबाएवढा, तर दुसरा त्याच्या थोरल्या भावाएवढा. मी उकड आणि सारण काट्यावर ठेवायला लागले तशा त्या ओरडल्या, "अगं, मोदक वळतेयस की सोनं विकतेयस?" पण दोन मोदकांनंतर त्यांनाच चेव आला. कोणाचा नेमका उतरतो याची पैज लागली, आणि हसून हसून हातातल्या पाऱ्या फाटायला लागल्या.

इन्सुलिन जेवणाच्या थोडं आधी द्यायचं असतं. सासऱ्यांनी निरांजन पेटवलं, टाळ हातात घेतला, आणि मी मनात मोजलं: नेहमीच्या आरत्या, मंत्रपुष्पांजली, नैवेद्य, की पानं वाढलीच. दिलं इंजेक्शन. तेवढ्यात दारात सासऱ्यांचं अख्खं भजनी मंडळ उभं, मृदंगासकट!

सासरे निवृत्त मास्तर. आरतीतला शब्द न शब्द नीट उच्चारायचा, घाई केलेली देवाला चालत नाही, हा त्यांचा कायदा. त्यात मंडळाने त्यांना चढवलं. मी लग्नानंतर एकदाही न ऐकलेल्या आरत्या निघायला लागल्या. लेकीच्या दंडावर सेन्सर असतो, साखरेचा आकडा माझ्या फोनवर दिसतो. आकड्यापुढचा बाण खाली वळला. माझ्या मुठीत ग्लुकोजची पुडी तयार होती. ठरलेल्या आकड्याखाली साखर गेली की ग्लुकोज आधी, मोदकाचं मग बघू, तिथे हट्ट चालणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तिने फोन बघितला, मोदकांकडे बघितलं. "आई, अजून थोडं थांब ना गं."

माझा जीव टांगणीला. शेवटी मी टाळांच्या वर आवाज काढून ओरडले, "बाबा, तिचं इंजेक्शन झालंय! साखर उतरतेय!"

सासऱ्यांनी एक डोळा उघडला. आणि टाळ असा काही धावायला लागला की मृदंगवाले काका पार ठेचकाळले. जाऊबाईंना शब्दच सापडेनात, त्या नुसत्या टाळ्या वाजवत खिदळत होत्या. ज्यांनी जन्मभर आम्हाला सावकाश म्हणा म्हणून दटावलं, ते धापा टाकत एकेक देव निकालात काढत होते. मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

कडवं अर्धवट सोडून त्यांनी टाळ खाली ठेवला आणि ताटातला मोदक उचलून नातीपुढे धरला. "घे बाळा."

"बाबा, नैवेद्य दाखवायचा राहिलाय," जाऊबाई पुटपुटल्या.

"देवाने कुठे इंजेक्शन घेतलंय? तो थांबेल."

पण लेक हात पुढे करेना. "आजोबा, मी सगळ्यांबरोबर खाणार."

सासऱ्यांनी एकदा मूर्तीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "ऐकलंत ना? घ्या सगळ्यांनी. पटापट!"

आणि जाऊबाई, मी, भजनी मंडळ, सगळे उभ्या उभ्या मोदक तोंडात कोंबायला लागलो. सासऱ्यांच्या मिशीला सारण लागलं. लेकीच्या कोपरापर्यंत तूप ओघळलं, आणि मी मागोमाग तिचं ताट वाढायला धावले. त्या वर्षी आमच्या घरी देव सगळ्यांत शेवटी जेवला.