प्रकृतीच्या कारणास्तव

दादासोंना लोकांना सांगण्यासारखं दुखणं कधी झालं नव्हतं. उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर लेथवर उभं राहायचं, सुटी झाली की सायकल तालमीकडे वळवायची. तालमीत आता कुस्ती कुणी खेळत नाही. पेठेची फुटबॉल टीम तिथं जमते, आणि त्या टीमचे कोच दादासो होते. पगार नव्हता, मान होता. पेठेत त्यांना बापही मामा म्हणे आणि लेकही, कारण दोघांना त्यांनीच खेळवलं होतं.

सकाळी मात्र ते दुसरीकडे असत. गावाच्या टोकाच्या एका शाळेत त्यांनी मुलींची टीम उभी केली होती. कॅप्टन भैरवी. तिच्या डाव्या पायाचं कौतुक ते लेथवर काम करतानाही सांगत. तालमीत आयुष्य गेलं होतं, पण जीव आता या पोरींत होता.

यंदा सेमी फायनल गेली, तीही समोरच्या पेठेकडे. त्या पेठेची पोरं मॅचहून येताना तालमीसमोर थांबून हॉर्न वाजवून गेली. आठवड्याभरात राजवर्धन घरी आला. हा तालमीचा सेक्रेटरी. लहानपणी त्याच्या बुटाची नाडी दादासोंनी बांधली होती. चहा झाला, हवापाण्याचं झालं, मग त्यानं हळूच विषय काढला. नवा स्पॉन्सर मिळतोय, त्याला लायसन्सवाला कोच हवाय, पुण्याचा एकजण ठरलाय. मामांना काढलं असं कळलं तर निम्मी पेठ तालमीला कुलूप घालेल. म्हणून मामांनी तब्येतीचं कारण सांगून बाजूला व्हावं.

"मला काय झालंय?" दादासोंनी विचारलं.

"काय झालं न्हाय म्हणून तर सांगाय लागतंय की."

"मग कुठला रोग सांगणार?"

"नाव घ्यायचंच न्हाय. प्रकृतीच्या कारणास्तव, बास. पुढचं लोक आपलं आपण भरून घेत्यात."

आत भांडी लावणाऱ्या बायकोचा, मीनाबाईंचा, हात थांबला होता. तालीम गेली तर गेली, पोरी आहेत, असा दादासोंनी मनाशी हिशेब केला आणि मान हलवली.

सत्कार तालमीच्या दारातच झाला. शाल, नारळ, कोल्हापुरी फेटा. माईक हातात आला तेव्हा खरं बोलता आलं असतं. पण समोर टीम ओळीनं उभी होती, रविवारी मॅच होती, आणि तालमीतलं तालमीबाहेर न्यायचं नाही हे त्या पोरांना त्यांनीच शिकवलं होतं. नवा कोच सांगेल तसं खेळा, एवढं बोलून ते खाली बसले. म्हातारी माणसं रडली. राजवर्धननं रडणाऱ्यांचाही व्हिडिओ घेतला.

दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. दादासोंचा हात जोडलेला मोठा फोटो, खाली 'आपले योगदान तालीम कधीही विसरणार नाही'. तोच फोटो साऱ्यांच्या स्टेटसला. कोडोलीची त्यांची थोरली बहीण, आक्का, मिळेल ती एसटी धरून आली. गल्लीच्या तोंडापासून तिनं हंबरडा फोडला होता. दारात दादासो खारी बुडवून चहा पीत बसलेले दिसले, तेव्हा तिनं आधी त्यांच्या पाठीत धपाटा घातला आणि मग गळ्यात पडली.

"जित्ता हाईस तर फोटोत हात कशाला जोडलास, मुडद्या?"

सगळे हसले. दादासोही हसले. हसण्यासारखं तेवढंच होतं.

कारण लोकांनी खरोखरच भरून घेतलं. कुणी हृदय म्हणालं, कुणी किडनी. वर्कशॉपच्या मालकानं त्यांना लेथवरून काढून स्टूलवर बसवलं, माल मोजायला. आणि शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, सर, तुम्ही विश्रांती घ्या. मैदानावर काही झालं तर पालक आम्हाला धरतील. दादासो म्हणाले, मला काही झालेलं नाही. बाईंनी मायेनं मान हलवली. आजारी माणसं असंच म्हणतात, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

तेव्हा दादासोंनी चपला काढल्या आणि शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायला सुरुवात केली. धाप नाही, पाय अडखळत नाहीत. भैरवी शेजारून पळायला लागली आणि तिलाच वेग वाढवावा लागला. पण फाटकाशी पालक जमले. कुणी ओरडलं, धरा त्यांना. दोघं आडवे आले, हाताला धरून त्यांना सावलीत बसवलं, तोंडाला पाण्याची बाटली लावली. ढकललं असतं तर आजाऱ्याचं डोकंही फिरलंय म्हणाले असते. ते गप्प पाणी प्याले. कंपाउंडवरून कुणीतरी शूटिंग करत होतं.

संध्याकाळी तो व्हिडिओ तालमीच्या पेजवर आला. मागे बासरी, पळणं हळू केलेलं. वर ओळ: 'डॉक्टरांची मनाई, तरी मैदानाची ओढ सुटेना.' खाली रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. समोरच्या पेठेनंसुद्धा हात जोडले होते.

शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी तो दादासोंना दाखवला. दादासोंनी आयुष्यात पहिल्यांदा तालमीविरुद्ध तोंड उघडलं. हे खोटं आहे, मला काढलंय, असं त्यांनी सांगितलं.

"मग फेटा का बांधून घेतलात, सर?" बाईंनी विचारलं.

काहीही सांगितलं तरी या गावात ते पटणारं नव्हतं. काढलेल्या माणसाला कुणी फेटा बांधत नाही, आणि बांधला तर तो माणूस बांधून घेत नाही.

ते राजवर्धनकडे गेले. एवढंच लिही म्हणाले, की मी बरा आहे. राजवर्धननं खुर्ची पुढे केली, पंखा वाढवला. व्हिडिओमुळे पेज कुठल्या कुठं गेलं, स्पॉन्सर खूश आहे, हे आधी सांगून टाकलं.

"मामा, आता बरा हाय म्हटलं तर लोक इचारणार, मग काढला का? सीझन संपू द्या. 'प्रकृतीत सुधारणा' म्हणून झक्कास पोस्ट टाकतो."

"तवर पोरींची टीम जाईल रं."

"दुसरा कोच बघत्यात की शाळावाले."

शाळेनं बघितला. भैरवी एकदा घरी आली, सोबत सफरचंदं. आईनं दिलीत म्हणाली. नवे सर चांगले आहेत का, हे दादासोंनी विचारलं नाही. तिनं सांगितलंही नाही. ती गेल्यावर मीनाबाईंनी पिशवी उचलून आत नेली.

"आता एकदा खरंच पडा," त्या म्हणाल्या. "म्हंजे सगळ्यांचं समाधान हुईल."

आता सकाळी दादासो रंकाळ्यावर फिरायला जातात. पाय सवयीनं झपझप पडायला लागले की कुणीतरी हटकतंच. मामा, दमानं. परगावचा एखादा, व्हिडिओ पाहिलेला, बाकावर जागा करून देतो. पावणं, बसा जरा. सुरुवातीला ते समजावून सांगत. मग नुसते हसत. अलीकडे पुढून कुणी येताना दिसलं की तेच आधी पाऊल हळू करतात.