फोन माझ्या टेबलावर, मोहन इन्नंबूरला

आधीच सांगून ठेवते, भुताखेताच्या गोष्टी घेऊन येणाऱ्याला मी कॉफीसुद्धा विचारत नाही. कुंभकोणमला पोलीस स्टेशनातल्या कंट्रोल रूममध्ये माझी नोकरी. दिवसभर लोकांच्या थापा ऐकून ऐकून पटकन विश्वास ठेवायची सवय कधीच गेली.

आम्ही तंजावरकडचे मराठी. उंबऱ्याच्या आत आमची जुनी मराठी, बाहेर तमिळ. हे लिखाण माझ्या नागपूरच्या सुनेने तुमच्यासारखं करून दिलंय, तेव्हा चुका तिच्या समजा.

आमच्या प्रत्येक पोलिसाच्या मोबाईलमध्ये ड्युटीचं ॲप असतं. माणूस जिथे जाईल तिथे माझ्या स्क्रीनवर त्याचा हिरवा ठिपका. अडचणीत सापडला आणि बटण दाबलं की ठिपका लाल होतो, मी जवळची गाडी पाठवते. नंतर त्याने स्वतःचा पिन टाकून ‘सुरक्षित’ दाबलं तरच तो परत हिरवा होतो... आम्हाला इथून काही करता येत नाही. पूर्वी एखाद्या पोरीला एकटीला चौकशीला पाठवलं की ती परत येईपर्यंत जीव टांगणीला लागायचा. आता तसं होत नाही. त्यामुळे या ॲपला कुणी नावं ठेवली तर मी भांडते, आजही.

पण हे ॲप बॅटरी खातं, आणि चार्जिंगची सोय माझ्याच टेबलापाशी. हजेरी झाली की सगळे तिथे फोन लावतात. माझा मामेभाऊ मोहन त्याच स्टेशनात हेडकॉन्स्टेबल, आणि फोन हमखास विसरणार तोच. मी ओरडले की म्हणायचा, “तू आहेस ना अक्का, मग फोन कशाला?”

त्या दिवशी तो दारासुरमला निघाला. विणकरांच्या घरात दोन भावांचं हातमागावरून भांडण होतं, त्याची चौकशी. बाईक गेल्यावर पाहते तर फोन इथेच. म्हटलं, येईल बोंबलत परत.

तो आला नाही. पण स्क्रीनवर त्याचा ठिपका चालायला लागला.

फोन माझ्या कोपराशी, चार्जरला लावलेला. आणि ठिपका दारासुरमला. मला वाटलं, ॲप बिघडलं. थोड्या वेळाने तो तिथून निघाला, इन्नंबूरच्या वाटेला लागला आणि भातशेतात मधेच थांबला. मग लाल झाला.

मी फोन उचलून पाहिला. लॉक केलेला, स्क्रीन काळी. इन्स्पेक्टर साहेबांना वायरलेसवर सांगितलं, “साहेब, मोहनसाठी इन्नंबूरला गाडी पाठवा. लाल आलंय.”

“त्याचा फोन कुठे आहे अम्मा?”

“माझ्या हातात.”

“मग इन्नंबूरला कोण दाबतंय बटण?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी गाडी पाठवली ती दारासुरमला. मला खुर्ची सोडता येत नाही, दुसरं कुणी नव्हतं. काही सुचेना म्हणून मोहनचा नंबर लावला, आणि फोन माझ्याच हातात वाजला. तेव्हा मात्र मला रडू फुटलं. समोर तो लाल ठिपका, आणि मी हात चोळत बसलेली.

दारासुरमहून निरोप आला. थोरला भाऊ आता इन्नंबूरला राहतो, म्हणून पोलीस तिकडे गेले, असं घरच्या बाईने सांगितलं. गाडी वळली.

तेवढ्यात मोहनच्या बायकोचा, सुधाचा फोन. “अक्का, हे फोन का उचलत नाहीत?” मी काहीबाही सांगत होते, आणि बघता बघता ठिपका हिरवा झाला. खाली अक्षरं आली... सुरक्षित. म्हटलं, “अगं, ठीक आहे तो. आत्ताच कळलं.”

“मग पान वाढूनच ठेवते,” ती म्हणाली.

त्यानंतर गाडीवाल्यांचा आवाज आला. बांधावरून बाईक घसरून कालव्यात पडली होती, मोहन तिच्याखाली. श्वास नव्हता. ठिपका होता तीच जागा.

ॲपवाला इंजिनियर येऊन म्हणाला, तांत्रिक बिघाड. असेल. पण मोहन इन्नंबूरला जाणार हे निघताना त्यालाच माहीत नव्हतं, ते त्या बिघाडाला कुठून कळलं? आणि पिन फक्त मोहनला ठाऊक होता. मी खूप डोकं खाजवलं, मला काही सांगता येत नाही.

सुधा अजून विचारते, “अक्का, ते ‘सुरक्षित’ यांनीच दाबलं असेल ना? म्हणजे शेवटी त्रास नसेल झाला.”

मी दर वेळी हो म्हणते. मला काय माहीत.