मोरोबारावांचं डोकं

दहिवलीचा धाकलू पाथरवट जाती-पाटे घडवायचा, घरोघर जाऊन झिजलेल्या जात्यांना टाकी लावून धार आणायचा. देवळासाठी त्यानं एक नंदी केला होता. तो पाहूनच कर्जतच्या बंगल्यातल्या मोरोबारावांनी त्याला बोलावून घेतलं.

मोरोबाराव मुंबईचे श्रीमंत प्रभू. विलायतेहून येताना ते रोम पाहून आले होते आणि तिथला एक पुतळा घेऊन आले होते. संगमरवरी अंग, त्यावर चुण्यांचं लांब वस्त्र, आणि मानेच्या जागी नुसती खोबण.

"डोकं कुठं पडलं?" धाकलूनं विचारलं.

"नव्हतंच. तिकडं धडं आधीच करून ठेवत. ज्याचा पुतळा हवा, त्याचं डोकं मागाहून बसवत. तू माझं कर."

धाकलू घाबरला. जित्या माणसाच्या मूर्तीला डोळे कोरले तर त्याचा जीव दगडात जातो, असं गावात मानत. पण रावसाहेबांना नाही कसं म्हणायचं? मोरोबारावांच्या तोंडावर देवीचे वण होते. त्यापायी त्यांनी कधी तसबीर काढू दिली नव्हती.

"वण काढू नकोस हं," ते म्हणाले. "रोमचा पहिला बादशहा म्हातारा होऊन मेला, पण त्याच्या पुतळ्यांत तो शेवटपर्यंत तरुणच राहिला. तसा मला कर."

सबंध हिवाळा ते खुर्चीत बसले आणि धाकलू छिन्नी चालवत राहिला. डोकं खोबणीत बसलं तेव्हा खुद्द धाकलूच्या अंगावर काटा आला, इतकं ते जिवंत होतं.

श्रावणात मोरोबाराव तापानं गेले.

दहिवलीत कुणी भांडलं नाही. नुसतं जात्याला टाकी लावायला बोलावणं येईना. धाकलूची बायको सुंदरा पाण्याला गेली की बाया आपले हंडे बाजूला ओढत. शेवटी मोरोबारावांच्या विधवेनं, सगुणाबाईंनी, दोघांना बंगल्यामागच्या छपरात जागा दिली. धाकलू बागेला पाणी घालू लागला.

वर्षश्राद्धाला मोरोबारावांचे धाकटे भाऊ दाजीबा आले. बंगला आता त्यांचा होता. बागेतल्या पुतळ्यासमोर उभे राहून ते म्हणाले, "इथं माझा चेहरा हवा."

"नवा दगड आना, साहेब. करतो."

"नवा कशाला? रोममध्ये एका बादशहावरून लोकांचं मन उडालं की त्याचंच तोंड तासून पुढच्याचं कोरत. दादाच सांगायचा. माझा चेहरा लहान आहे, त्यात मावेल."

त्या दुपारी सगुणाबाई छपराशी आल्या. आजवर त्या तिथं कधी आल्या नव्हत्या.

"धाकलू, त्यांची तसबीर नाही. तेवढंच तोंड उरलंय रे."

"बाई, मी नाय म्हटलं तर दुसरा कुनी तासंल. आनि आमाला हितनं काढतील. आमी जावं कुटं? तुमी सांगा साहेबांना."

सगुणाबाई हसल्यासारखं करून म्हणाल्या, "मी तरी कुणाच्या घरात राहते रे?" आणि वळून गेल्या.

धाकलूनं आधी नाक उडवलं. मग गाल, मग कपाळ. त्यानंच घडवलेलं तोंड भुगा होऊन त्याच्या पायांवर पडत होतं. सुंदरा जेवायला बोलवायला आली. पुतळ्याकडे पाठ करून म्हणाली, "आवर रं लौकर. मला बघवत नाय."

डोळे कोरायची वेळ आली तेव्हा मात्र धाकलूच्या मनात वेगळाच विचार आला. दाजीबा धडधाकट राहिले तर? मग गावाला कळेल की मूर्तीनं कुणी मरत नाही. त्यानं जपून, मन लावून डोळे कोरले.

तासलेला चेहरा लहान झाला, पण कान होते तिथंच राहिले. रुंद, मागं सरल्यासारखे. बापाचा अंगरखा घातलेल्या पोरासारखं ते डोकं दिसे. दाजीबांना ते पसंत पडलं. सगुणाबाई मात्र संध्याकाळी बागेत येत आणि पुतळ्याच्या मागून जात. समोरून कधी गेल्या नाहीत.

धाकलू वाट बघत राहिला. दाजीबा खोकले तरी तो हातातली घागर खाली ठेवून कान देई. पण पावसाळे गेले, दाजीबा अंगानं सुटले, त्यांना नातू झाला. तेव्हा धाकलू धुतलेलं धोतर नेसून दहिवलीला गेला. सदू पाटील ओट्यावर बसले होते.

"पाटील, दाजीबांचीबी मूर्त मीच केली. हायेत का नाय जिते? मग माजा काय दोस?"

पाटलांनी सुपारी कातरत बराच विचार केला.

"आरं, त्यांना कशाला काय होईल? त्या दगडानं थोरल्याला घेतलं. त्याचं पोट भरलं."

पाटलांनी बसायला सांगितलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं. धाकलू अंगणात तसाच उभा राहिला. मग उन्हं कलती झाली आणि झाडांना पाणी घालायची वेळ होत आली, म्हणून तो बंगल्याच्या वाटेला लागला.