खळमावशीचे अठरा बोर्ड

आमच्या नगरपालिकेची कुठलीही बातमी लोकांपर्यंत पोचायची ती खळमावशीच्या पातेल्यातून. पाणी दोन दिवस बंद, कुत्र्यांना लस टोचून घ्या, दाखल्यांची खिडकी दुपारी उघडणार नाही, असलं सगळं आधी तिच्या खळीला चिकटायचं आणि मग गावाला कळायचं. मैद्याची खळ ती घरीच शिजवायची. त्यात मोरचुदाचा खडा टाकायची, म्हणजे उंदीर-झुरळं कागदाला तोंड लावत नाहीत. गार झालेली खळ कडीच्या डब्यात भरून सकाळी साडेआठला ती आवक-जावक विभागात, म्हणजे माझ्या टेबलापुढे, हजर. मी शिक्का मारलेले कागद द्यायचो आणि ती निघायची. एकूण अठरा बोर्ड होते. लाकडी, वर पत्र्याचं छप्पर, पहिला आमच्याच फाटकावर आणि शेवटचा जुन्या दवाखान्यापाशी. बावीस वर्षं तिने हे काम असंच केलं, आणि तिने लावलेला एकही कागद वाऱ्याने उडालेला मी पाहिला नाही.

तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. ते दर महिन्याला मीच टाइप करायचो, पण तोंडाने कधी घेतलं नाही. आम्हा सगळ्यांची ती खळमावशी.

तिच्या लेखी कागद दोनच प्रकारचे. एक नोटीस, दुसरी जाहिरात. नोटिशीला हरकतीची मुदत असते, तीस दिवसांची. ती लावली की नोंदवहीत बोर्डाचा नंबर, तारीख, वेळ आणि सही. जाहिरातीला नोंद नाही, मुदत नाही, कशीही लावा. आणि मुदतीतल्या नोटिशीवर दुसरा कागद चढवायचा नाही, म्हणजे नाही. ही शिस्त तिला तिच्या पहिल्या साहेबाने लावली होती. तो साहेब निवृत्त झाला तेव्हा ऑफिसाने त्याची शिस्तही हार घालून त्याच्याबरोबर घरी पाठवली. हिने तेवढी धरून ठेवली. मुदत संपली की बोर्डावर ओला फडका मारायची, जुन्या उलथन्याने खरवडून लाकूड मोकळं करायची आणि मगच नवा कागद.

मजकूर मात्र ती वाचायची नाही. वाचता येत होतं, सातवीपर्यंत शिकली होती. पण "वाचायचं काम लोकांचं, भाऊ. माझं लावायचं," असं म्हणायची आणि नोटिशीकडे कागद सरळ बसलाय की तिरका एवढंच बघायची. जाहिराती तेवढ्या वाचायची, कारण घरी विचारणारं माणूस होतं.

ते माणूस म्हणजे तिची थोरली नणंद. मावशीचा नवरा पालिकेच्या पंपघरावर होता. तो गेल्यावर त्याच्या जागी हिला घेतलं आणि पंपामागच्या आठ खोल्यांतली त्यांची खोली हिच्याकडे राहिली. नणंद आधीपासून तिथेच होती. डोळ्यांनी पूर्ण आंधळी, आणि चाळीस वर्षं त्याच खोलीत. पलंगापासून माठ चार पावलं, माठापासून दार तीन, दारातून भिंतीला हात लावत बाहेरच्या नळापर्यंत अकरा. स्वतःचा चहा स्वतः करायची, कपडे वाळत घालायची, शेजारणींना लसूण सोलून द्यायची. मी एकदा मावशीच्या आजारपणात कागद घेऊन गेलो, तर आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणाली, "डाव्या हाताला खुंटी आहे हं, डोकं सांभाळा." डोळस माणूस मी, आणि टेंगूळ वाचवलं तिने. एकटी राहत होती दिवसभर, पण मावशीला कधी घोर नव्हता. ती खोलीच तिचे डोळे होती म्हणा ना.

संध्याकाळी मावशी घरी गेली की नणंदेचा पहिला प्रश्न ठरलेला. "अगं, आज काय लावलंस?" मग मावशी जाहिराती पाठ म्हणून दाखवायची. तलावावर पोहण्याचे वर्ग, मैदानात गाणी, म्हाताऱ्यांची चालण्याची शर्यत. नणंद जाणार कुठेच नसायची. पण कुठे काय चाललंय हे सगळ्या वस्तीत पहिल्यांदा तिला माहीत असायचं आणि ती ते दारात बसून ऐटीत सगळ्यांना सांगायची.

तर त्या वर्षी उन्हाळा लागता लागता एक नोटीस निघाली. टाइप मीच केली. 'भूखंड क्रमांक एकशे बारा ब वरील जीर्ण बांधकाम निष्कासित करून सदर जागा सार्वजनिक प्रयोजनार्थ विकसित करणेबाबत.' हरकती तीस दिवसांत लेखी द्याव्यात. एकशे बारा ब म्हणजे पंपामागच्या आठ खोल्या, हे कळायला नकाशा उघडावा लागला असता. नकाशा माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. मी मान वळवली नाही. जावक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि अठरा प्रती मावशीच्या हातात दिल्या. तिने त्या सोमवारी अठराही बोर्डांवर लावल्या, नोंदवहीत अठरा सह्या केल्या.

त्या संध्याकाळी नणंदेने विचारलं, "आज काय लावलंस?"

"आज काही नाही, वन्सं. पालिकेचं काहीतरी. कुठला तरी भूखंड."

"मग राहू दे," नणंद म्हणाली.

हे मला मावशीनेच नंतर सांगितलं. दोनदा सांगितलं.

नवव्या दिवशी छापखान्यातून आनंदमेळ्याची पोस्टरं आली. आमची पालिका दर उन्हाळ्यात आनंदमेळा भरवते. आठ दिवस गाणी, चित्रांच्या स्पर्धा, जादूचे खेळ, पोरांना फुगे. पोस्टर बोर्डाएवढं मोठं, गुळगुळीत कागद, निम्म्या भागात अध्यक्षांचा हसरा चेहरा आणि उरलेल्या निम्म्यात आठ दिवसांचा कार्यक्रम दाटीवाटीने. आमचे साहेब टेबलापाशी येऊन म्हणाले, "संध्याकाळच्या आत सगळ्या बोर्डांवर दिसलं पाहिजे. अध्यक्ष गाडीतून फेरी मारणार आहेत." साहेबांचा जीव अध्यक्षांच्या भुवईत अडकलेला असायचा. ती जरा वर गेली की यांचं पाणी पाणी.

मावशीने पोस्टर उलगडून बघितलं आणि पुन्हा गुंडाळलं.

"भाऊ, खाली नोटीस आहे. मुदत आहे अजून तिला, एकवीस दिवस. हे तर सगळा बोर्ड खाणार. तिच्यावर कसं लावू?"

मला जेवायला जायचं होतं. खरंच, एवढंच कारण होतं. साहेबांची भीती वगैरे मी नंतर स्वतःची समजूत घालायला शोधून काढली. डबा गार होत होता.

मी म्हणालो, "लावा हो मावशी. नोटिसा कोण वाचतंय?"

तिने गुंडाळी काखेत घेतली. "तुम्ही म्हणता तर लावते," म्हणाली आणि खळीचा डबा उचलून गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने मुदतीतल्या नोटिशीवर कागद चढवला. अठरा वेळा. चारी कोपऱ्यांना, मध्ये, कडेकडेने व्यवस्थित खळ लावून, कारण काम अर्धवट करायचं तिला ठाऊक नव्हतं.

आनंदमेळा जोरात झाला. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. नणंद दारात बसून लांबून गाणी ऐकायची आणि पुढचं गाणं कुठल्या ऑर्केस्ट्राचं हे शेजारणींना सांगायची. सगळा कार्यक्रम तिला पाठ होता.

पालिका दर महिन्याला लोकांसाठी चार पानी पत्रक काढते, तेही मीच लिहितो. त्या महिन्याच्या पत्रकात पहिल्या पानावर मेळ्याचे फोटो होते आणि तिसऱ्या पानावर खाली एक चौकट. 'भूखंड एकशे बारा ब च्या विकासास एकही हरकत नाही. नागरिकांचा उत्स्फूर्त पाठिंबा.' उत्स्फूर्त हा शब्द साहेबांचा. बाकीचे माझे.

त्यानंतर आठवड्याने एक माणूस लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन पंपामागे गेला आणि आठ दारांशेजारी भिंतीवर पाडकामाचे आकडे काढून आला. नणंदेने ब्रशचा आवाज ऐकला. कोण आहे म्हणून विचारलं, तर तो पुढच्या दाराकडे निघून गेला. मग ती नेहमीसारखी भिंतीला हात लावत नळाकडे निघाली. मावशी घरी आली तेव्हा नणंदेची बोटं लाल झालेली होती आणि ती विचारत होती, "भिंतीला काय लागलंय गं? ओलं आहे."

दुसऱ्या दिवशी आठही घरं साहेबांच्या खोलीत. लोक चिडलेले, पण साहेबांपुढे नाही, मावशीपुढे. "तुम्हीच लावलीत ना नोटीस? आणि तुम्हालाच कळलं नाही?" पंपावरचा म्हातारा फिटर तर म्हणाला, "घरचीच बाई, म्हणून आम्ही बोर्डाकडे बघायचोसुद्धा नाही. काही असलं तर ही सांगेल म्हणायचो."

साहेबांनी शांतपणे नोंदवही पुढे सरकवली. "बोर्ड एक ते अठरा. तारीख, वेळ. सही कुणाची ही?"

"माझीच आहे, साहेब. पण नवव्या दिवशी तिच्यावर पोस्टर चढलं. नोटीस दिसतच नव्हती कुणाला."

"कुठे नोंद आहे?"

जाहिरातीची नोंद नसते, हे मी वर सांगितलंच आहे.

"मग चला, बघू या," मावशी म्हणाली. "फाटकावरच्या बोर्डावर पोस्टर अजून आहे. खाली नोटीस निघेल." सगळे खाली आलो. तिने फडका ओला करून मारला, उलथनं कडेला घातलं आणि हळूहळू, एखाद्या भाजलेल्या माणसाची पट्टी सोडवावी तसं पोस्टर सोडवायला लागली. सुटलं नाही. अध्यक्षांचा चेहरा, गाण्यांचा कार्यक्रम आणि खालची नोटीस यांचा एकजीव लगदा होऊन उलथन्यावर आला. दुसऱ्या कोपऱ्यातून बघितलं, तेच. तिसऱ्या कोपऱ्याला तिने फडका पुन्हा ओला करून मारला. ओळ सोडा, एक अख्खं अक्षर निघालं नाही.

साहेब हसले. "मावशी, खळ मात्र एक नंबर हं तुमची."

पुन्हा वर आलो. साहेबांनी विचारलं, "मुदतीतल्या नोटिशीवर पोस्टर लावायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

मी बाजूच्या टेबलावर बसून सुनावणीचं टिपण लिहीत होतो. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी काही बोलतोय का, याची वाट बघितल्यासारखं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मी मान खाली घालून कागदावर तारीख लिहीत राहिलो, एक तारीख लिहायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आणि त्याच्या दहापट.

"कुणी नाही," ती म्हणाली.

मी लिहिलं, 'संबंधित कर्मचारी याबाबत खुलासा करू शकल्या नाहीत.' माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं. मला त्या अक्षराची लाज वाटते.

पावसाच्या आधी आठ खोल्या पाडल्या. मावशीला गावाच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर जागा दिली. जागा वाईट नाही, नळ घरात आहे, असं सगळे म्हणतात. नणंदेचं पहिल्याच आठवड्यात मोरीच्या पायरीवर पडून मनगट मोडलं. तेव्हापासून ती पलंगावरून एकटी उठत नाही. माठ किती पावलांवर आहे, हे तिने विचारलंसुद्धा नाही. मावशी निघताना तिच्या उशाशी तांब्या ठेवते, कडी बाहेरून लावते आणि दिवसभर अठरा बोर्ड फिरते.

या वर्षी पुन्हा आनंदमेळ्याची पोस्टरं आली. ठिकाण, 'नवीन खुला रंगमंच, पंपघरामागे.' मी गठ्ठा दिला. तिने उलगडून ते ठिकाण वाचलं, गुंडाळलं आणि लावायला गेली. त्या संध्याकाळी नणंदेने विचारलं नाही म्हणे. कधीपासूनच विचारत नाही.

आता मावशी प्रत्येक कागद वाचते. जाहिरात असो, नोटीस असो, उन्हात बोर्डासमोर उभी राहून, ओळीखाली बोट ठेवून, शिक्क्यापर्यंत. भूखंडाचा नंबर दिसला की माझ्याकडे परत येते आणि कपाटातला नकाशा मागते. मी देतो. त्यामुळे जे काम एका दिवसात व्हायचं त्याला दोन दिवस लागतात आणि या खेपेला पोस्टरं सगळ्या बोर्डांवर लागेपर्यंत मेळ्याचं उद्‌घाटन उरकलं होतं. साहेबांनी मेमो काढायला सांगितला. 'कर्तव्यात हेतुपुरस्सर विलंब.' टाइप अर्थात मीच केला.

काल सकाळी साडेआठला ती आली तेव्हा मी तो तिच्यापुढे ठेवला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. तिने डबा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि मेमो वाचायला घेतला. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून. खाली माझी टाइप केल्याची आद्याक्षरं होती, तीसुद्धा वाचली. मग सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"भाऊ," ती म्हणाली, "याच्यावर हरकत किती दिवसांत घ्यायची असते?"

मेमोवर हरकत घेता येत नाही. मी तिला तेवढंच सांगितलं, आणि तिने मान हलवून हात पुढे केला, "द्या मग आजचे कागद."