मुक्याने चढायचा डोंगर

तुम्ही अस्वल पिंजऱ्यात पाहिलं असेल. आमच्या पाली गावाच्या वरच्या डोंगरात ते सीताफळं खायला येई, आणि आम्हीही त्याचसाठी जात असू.

निजामाच्या राज्यात डोंगरातली फळं सरकार लिलावात गुत्तेदाराला देई आणि गुत्तेदार राखणदार ठेवी. त्यानं धरलं की टोपली गेलीच, वर शिव्या. म्हणून दसऱ्यानंतर बायका तांबडं फुटताच मुक्याने डोंगर चढत. बांगड्या कोपरापर्यंत सरकवून चिंधीनं बांधत. खोकला आला तर पदराचा बोळा तोंडात.

एका वर्षी शेजारची एक बाई तशीच एका जाळीत शिरली. आत अस्वल खात होतं. ती हातभर अंतरावर येईपर्यंत त्याला चाहूल लागली नाही. दुपारी तिला झोळीतून खाली आणलं, तेव्हा तोंडावर लुगडं टाकलेलं होतं. पारावर पुरुष म्हणाले, "माणसाला चटावलंय." पण त्यानं तिला खाल्लं नव्हतंच, तोंड तेवढं फाडलं होतं. अस्वलाची नजर अधू असते. खाण्यात गुंतलेलं ते दचकलं, की पळण्याआधी मारतं. हे मी पुढे इंग्रजी पुस्तकांत वाचलं.

फळं गळायला लागली होती. ती बाजारात विकल्याशिवाय दिवाळीचं तेल-गूळ येत नव्हतं. म्हणून काही दिवसांनी आई, चुलती आणि मी गेलोच. टोपल्या भरून उतरत होतो, तोच आई थांबली. पुढच्या जाळीतून फुरफुर येत होती, कुणी आमटी भुरकावी तशी. आणि खालच्या वाटेवर राखणदाराची काठी वाजली.

"गप ऱ्हा," चुलती कानाशी म्हणाली, "त्यो वर यील."

"ह्ये आधी यील," आईनं जाळीकडं बोट दाखवलं.

"अगं, टोपल्या भरल्यात!"

आईनं माझं बखोट धरलं, हातावरची चिंधी दातांनी ओढून काढली, बांगड्या खळखळवल्या आणि पाखरं हाकावी तशी ओरडली, "हाऽऽ! आमी हावोत इथं! जा तिकडं!"

फुरफुर थांबली. काहीच हललं नाही. आईची बोटं माझ्या दंडात रुतली. मग जाळीच्या पलीकडून काळं धूड निघालं, पाठीवर केसांना धरून बसलेलं पिल्लू, आणि खडकाकडे चढून गेलं.

राखणदार धापा टाकत आला. तिन्ही टोपल्या जप्त. "लई गळा हाय की गं तुला! चोऱ्या करायच्या अन् वर बोंबलायचं?"

उतरताना चुलती धुमसत होती. "कावून वरडलीस? दिवाळीला आता माती खायची का?"

"खाऊ," आई म्हणाली. "खायाला त्वांड तर ऱ्हायलं."